सातवी खिडकी

"पान गाळलंय तुम्ही," कानसेन म्हणाला, आणि तिनं हातातला पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचा तो टेबलाच्या अगदी काठावर ठेवला. पेला पडला नाही. नुसता डुगडुगला, पडावं की न पडावं याचा विचार केल्यासारखा, आणि मग उभा राहिला. "एक नाही, दोन पानं. नाक्यावरच्या कारकुनाच्या कादंबरीत. खुर्चीवाल्या काकांचा फोन होता मघाशी. अकराला परत करतो म्हणाले, बाईंशीच बोलायचंय." एवढं सांगून तो आपल्या काचेपलीकडच्या खोलीत गेला आणि तारा सोडवायला लागला. त्याच्या आवाजात ठपका नव्हता. एकोणीस वर्षं तो काचेच्या त्या बाजूला बसून तिचा आवाज टिपत होता, आणि तिनं गिळलेला घोटसुद्धा त्याला ऐकू येई. 'बाई, घोट आला बघा, वाक्य परत घ्या,' असं तो म्हणायचा, म्हणून तिनंच त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. पण वाचन जिथून तुटलं आणि जिथं जोडलं गेलं, तिथं घोट नव्हता, खोकला नव्हता, काहीच नव्हतं. एका पानाच्या शेवटी पूर्णविराम होता, दोन पानं सोडून पुढच्या पानाच्या माथ्यावर नवा परिच्छेद होता. सांधा असा बसला होता की कानसेनचाही कान त्यावरून घसरून गेला.

दृष्टिहीनांच्या त्या ग्रंथालयात ती पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची. लाकडी जिन्यानं वर गेलं की डाव्या हाताला गाद्या मारलेल्या भिंतींची खोली, खोलीत एक टेबल, एक दिवा, एक माइक, आणि समोर काच. तिची एक पद्धत होती. उद्या वाचायची पानं ती आज दुपारी बाहेरच्या खिडकीपाशी बसून मनात वाचून काढी, आणि पेन्सिलीनं खुणा करी: जिथं श्वास घ्यायचा तिथं एक बारीक उभी रेघ, जिथं श्वास सोडून थांबायचं तिथं दोन. रेघा इतक्या फिकट की पुढं कोणी पुस्तक उघडलं तर त्याला वाटावं, कागदाचाच एखादा धागा आहे. त्या रेघांवरून तिचा आवाज चालायचा, लहान मूल फरशीच्या रेषांवरून चालतं तसा. आणि म्हणून आता, पर्स खुंटीला अडकवून ती खुर्चीत बसली, तरी तिचं लक्ष त्या रेघांवरच होतं. कारण त्या दोन पानांवर रेघा असतील, किंवा नसतील. असतील तर आदल्या दिवशी तिनं ती पानं पाहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातून ती उलटली गेली. नसतील तर ती पानं तिला दिसलीच नव्हती. पुस्तक शेजारच्या खोलीत, खालून तिसऱ्या फळीवर होतं. दहा पावलं. ती उठली नाही. पेला काठावरून आत सरकवला, पुन्हा थोडा आणखी आत सरकवला, आणि बसून राहिली.

कादंबरी जुनी, नावाजलेली. जिचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि जी फार थोड्यांनी शेवटपर्यंत वाचलेली असते, त्यातली. आडरस्त्यावरचा एक जकात नाका, तिथं एकटा राहणारा कारकून, आणि रोज दिवस कलला की रस्त्यावरून कोणीतरी येत असल्याचा आवाज. पावलं वाजतात, जवळ येतात, दारापाशी येता येता थांबतात. कोणी येत नाही. चारशे पानांत कोणी येत नाही. पण कारकून एकेक खिडकी फळ्या ठोकून बंद करत जातो. पन्नासाव्या पानावर वाचणाऱ्याला कळून चुकतं, की बाबा रे, रस्ता मोकळा आहे; आणि शंभराव्या पानावर तोच वाचणारा आपलं शहाणपण विसरून कारकुनाशेजारी रस्त्याकडे कान लावून बसतो. तिचंही तसंच झालं होतं. ते पुस्तक वाचायचे दिवस होते तेव्हा ती घरी भांडी घासताना मध्येच नळ बंद करायची आणि ऐकायची. नवरा म्हणायचा, "काय गं?" ती म्हणायची, "काही नाही, कुकर झाला का बघत होते," आणि कुकर तर केव्हाच उतरवून ठेवलेला असायचा.

त्याच दिवसांत तिला पहिल्यांदा ते दिसलं होतं. दिसलं म्हणण्यापेक्षा, दिसेनासं झालं. डाग म्हणावा तर डाग नाही, काळंही नाही. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटानं पुसावं, आणि पाटी ओलसर राहावी, तसं. डावा डोळा मिटला की उजव्या डोळ्यासमोर, नेमकं मध्ये. कडेचं सगळं लख्ख. बसच्या तिकिटावर कडेचे आकडे दिसायचे, मधला विरघळायचा. न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरशांच्या सरळ रेषा मध्येच पोट फुगवून वाकायच्या, जणू भिंतीआडून कोणी हलकेच ढकलतंय. रोज सकाळी दाराला कडी घालून ती एक डोळा तळहातानं झाकायची आणि त्या फरशा तपासायची. कालच्यापेक्षा एक फरशी जास्त वाकली का? नाही वाटतं. वाकली वाटतं. बाहेरून नवरा विचारायचा, "झोपलीस का आत?" चष्मेवाल्यानं तिच्यासमोर भिंगांमागून भिंगं धरली आणि शेवटी ती सगळी डब्यात ठेवून दिली. "हे चष्म्याचं काम नाही, बाई," म्हणाला, आणि डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. "फार दिवस काढू नका." ती चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात तीन आठवडे होती. घरी तिनं सांगितलं, की नंबर वाढलाय. नवरा म्हणाला, "वयच आहे आपलं," आणि तिनं मान डोलावली. आपलं. किती बरं वाटलं तिला त्या शब्दानं, आणि किती एकटं.

ज्याची भीती वाटते त्याचं नाव घेतलं नाही तर ते येत नाही, हे तिला कोणी शिकवलं होतं? आईनं तर नक्कीच नाही. आई शिवणाचं मशीन चालवता चालवता गुणगुणायची, मशीन थांबलं की गाणं थांबायचं, मशीन सुरू झालं की तुटल्या अक्षरापासून पुढं:

दारी कोण गं उभी बाई, तिला पाय ना पाऊल
माझ्या मनाच्या कानाला तिची आधीच चाहूल

"कोण उभी असते आई?" तिनं विचारलं होतं. आई दातानं दोरा तोडत म्हणाली होती, "कोणी नसतं. म्हणून तर गाण्यात घालायचं. गाण्यात घातलं की ती तिथंच बसते, घरात येत नाही." शिकवलं असेल तर ते बाबांनी. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला लावायचं काळं भिंग, चिमटा, तिळाएवढी चाकं, आणि पुढ्यात पांढरा कागद. ती नऊ वर्षांची असताना बाबांचं काम कमी व्हायला लागलं. "हल्ली घड्याळं बिघडतच नाहीत, चांगली करायला लागलेत मेले," असं ते म्हणायचे आणि आलेली घड्याळं गुपचूप दुसऱ्या घड्याळजीकडे नेऊन द्यायचे. घरात ते ऐटीत चालायचे. दारापासून टेबल नऊ पावलं, टेबलापासून माठ चार, माठापासून खाट सहा. ते मोजतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. एका दुपारी तिनं वरचा डबा काढायला स्टूल सरकवलं आणि तिथंच ठेवलं. पाचव्या पावलाला बाबा स्टुलाला अडखळून कोसळले. हनुवटी फुटली. आई बाहेर गेलेली. रक्त पुसता पुसता ते हसत म्हणाले, "स्टूल चालायला लागलं वाटतं आपलं." आणि मग, ती रडायची थांबेना तेव्हा, तिच्या कानाशी येऊन: "तुला म्हणून सांगतो. मला हल्ली कमी दिसतं. आईला बोलायचं नाही हं. उगीच भिईल."

तिनं सांगितलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला बापानं गुपित द्यावं, याहून मोठं काय असतं? फ्रॉकच्या खिशात चकाकता गोटा घेऊन हिंडावं तशी ती ते गुपित घेऊन हिंडली, आठ महिने. स्टूल कोणी हलवलं की धावत जाऊन जागेवर ठेवायची. "हिला काय स्टुलाचं वेड लागलंय," आई म्हणायची. बाबा म्हणायचे, "हिचं वाचन कच्चं आहे, हिला रोज पेपर वाचायला लावला पाहिजे," आणि रोज संध्याकाळी समोर बसवून, डोळे मिटून, मास्तरासारखे ऐकायचे. "हं, पुढं. धाप लागते कशाला? स्वल्पविरामाला श्वास घ्यावा माणसानं." तिचं सगळं आयुष्य ज्या कामावर उभं राहिलं ते काम असं सुरू झालं. मग एक दिवस सगळं उघडकीला आलं, आणि दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात पांढऱ्या कोटातला कोणीतरी आईला म्हणाला, सात-आठ महिने आधी आणलं असतं तर थोडं वाचवता आलं असतं. आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही; आईला ठाऊकच नव्हतं. ते सात-आठ महिने फक्त तिला ओळखत होते. अजूनही ओळखतात. पर्सच्या कप्प्यातल्या चिठ्ठीला हात लागला की ते महिने आतून तिचं बोट धरतात.

"बाई, काका आहेत," कानसेननं काचेवर टकटक केलं आणि फोन आत आणून दिला.

"बाई, मी खुर्चीवाला." त्यांचा आवाज कोरडा, खणखणीत होता. वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणायचे ते, चाळीस वर्षं, आणि ग्रंथालयातलं कुठलंही पुस्तक आल्या दिवशी घेऊन जायचे. "रागावलोय मी तुमच्यावर."

"चूक झाली काका. दोन पानं एकदम उलटली गेली असतील."

"असतील? बरं, मला एक सांगा. त्या नाक्यावरच्या घराला खिडक्या किती?"

"सात."

"सात. त्यातल्या सहा कारकुनानं ठोकल्या. मोजल्यात मी. आमचं कामच मोजायचं, एक भोक चुकलं की अख्खी बैठक तिरकी जाते आणि गिऱ्हाईक बसल्या बसल्या आपला उद्धार करतं. सहावी ठोकली, आणि पुढल्याच वाक्याला बघतो तर घरात मिट्ट काळोख! अहो, सातवी कोणी ठोकली? तुम्ही?"

तिला हसू आलं.

"मला आधी वाटलं, ऑफिसानंच काढायला लावलं. आंधळ्यांना कशाला अंधाराचं पान, म्हणून. दया येते लोकांना. तसं असेल तर स्पष्ट सांगा. ते पान ऐकून आमचं काय दिसायचं बंद होणार होतं?"

"नाही हो काका. तसं कोणी काही म्हटलं नाही."

"मग तुम्ही घाबरलात."

तिनं मान वर करून पाहिलं. काचेपलीकडे कानसेन पाठमोरा होता.

"कशावरून म्हणता?"

"सहाव्या खिडकीनंतर तुम्ही श्वास घेतलात. एवढा मोठा. आणि सोडलाच नाहीत. पुढं कितीतरी वेळ त्या कोंडलेल्या श्वासावरच वाचताय. तीनदा ऐकलं मी. माझी थोरली बहीण मला हे पुस्तक वाचून दाखवायची, ती पण तिथंच अडायची. 'काय मेलं पुस्तक निवडतोस,' म्हणून मला शिव्या घालायची. पण वाचायची. नाक ओढत वाचायची."

"काका," ती म्हणाली, आणि आपण काय विचारतो आहोत हे विचारून झाल्यावर तिला कळलं, "तुम्हाला भीती वाटली होती? आधी?"

"डोळे जायच्या आधी? न वाटायला काय झालं! दोन वर्षं वाटली. दिसत होतं तोवर भीती. गेले, आणि कामंच एवढी निघाली, दाराची कडी शोधा, चपलेचा जोड शोधा, की भ्यायला सवड कुठली? पण ती दोन वर्षं गेली माझी. सगळा वेळ भिंतीकडे बघून तपासत बसायचो, कालच्यापेक्षा कमी दिसतंय का म्हणून. तेवढ्यात खिडकीबाहेर बघितलं असतं तर?" त्यांचा आवाज उतरला. "निळा रंग आठवत नाही हो मला आता. लाल आठवतो, हिरवा आठवतो. निळा म्हटलं की नुसता शब्द येतो." मग आवाज पुन्हा खणखणीत झाला. "असो. तुम्ही सातवी ठोका. त्याशिवाय मी पुढं ऐकणार नाही. अर्ध्या विणलेल्या बैठकीवर बसतं का कोणी?"

फोन ठेवला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. ती उठली. शेजारच्या खोलीत जाताना आपण पावलं मोजतो आहोत हे सातव्या पावलाला तिच्या लक्षात आलं आणि ती तिथंच, दोन कपाटांच्या मध्ये, क्षणभर उभी राहिली. आपण कोणाची चाल चालतोय? आठ. नऊ. दहा. खालून तिसरी फळी. पुस्तक जड होतं, कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे दबलेलं. खिडकीच्या उजेडात तिनं ते उघडलं. दोनशे अकरा. तिच्या रेघा. उलटायचं एवढंच होतं. अंगठा आणि बोट पानाच्या कोपऱ्याशी होतं आणि पान उलटत नव्हतं. रेघा नसल्या तर? तर दोन अख्खी पानं डोळ्यांदेखत विरघळून गेली. तर हे नुसतं मधलं एक अक्षर नाही, हे कितीतरी पुढं गेलंय, आणि आपल्याला पत्ता नाही. डोळ्यांदेखत. भाषासुद्धा मेली सगळी डोळ्यांनीच भरलेली. तोंड उघडावं तर डोळा निघतो. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, उगीचच, रिकाम्या रस्त्यावर वाजवतात तशी. तिनं पान उलटलं.

रेघा होत्या. दोन्ही पानांवर होत्या. इतक्या, की नेहमीच्या दुप्पट; दर दोन-तीन शब्दांनी श्वास, चढण चढणाऱ्या माणसासारखा. आणि उजव्या पानाच्या तळाशी, जिथं कारकून सातव्या खिडकीवर शेवटचा खिळा ठोकतो, तिथं दोन रेघा ओढायच्या होत्या, पण एकच होती, आणि तिच्या टोकाशी शिशाचा बारीकसा चुरा कागदात रुतून बसला होता. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. आणि मग तिला सगळं आठवलं. टोक करायला ती उठली होती. कचऱ्याच्या टोपलीशी उभी राहून टोक करत होती, करत होती, पेन्सिल बोटाएवढी उरेपर्यंत करत होती. परत येऊन तिनं पुस्तक मिटलं होतं. तिचे डोळे काही चुकले नव्हते. डोळ्यांनी इमानेइतबारे सगळं पाहिलं होतं. हातानं दुसऱ्या दिवशी दोन पानं चिमटीत एकदम धरली होती, लहान मुलाच्या तोंडावर पदर घालावा तशी. तिला आपल्या हाताचा राग आला नाही. तिनं तो हात दुसऱ्या हातात घेतला. बाबांचाही असाच असेल बिचारा, चिमटा धरता धरता थबकलेला. कारकुनाचाही. हातोडा उचलणारा हात दुष्ट थोडाच असतो? त्याला वाटतं, आपण घर राखतोय.

"कानसेन," ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "तेवढी दोन पानं घेऊ या. आत्ता."

ध्वनिमुद्रण सुरू असल्याचा लाल दिवा लागला. ती वाचू लागली. कारकून फळी उचलतो. सातवी खिडकी रस्त्याकडची नाही, मागची आहे. तिच्यातून फक्त एक झाड आणि आभाळाचा चौकोन दिसतो, आणि तिकडून कधी कोणी येणं शक्यच नसतं, तरी तो ती ठोकतो. ठोकून झाल्यावर पाठ टेकून बसतो. आता वाट कुठूनच उरली नाही. आणि त्या गच्च, स्वतःच्या हातानं केलेल्या काळोखात पावलं वाजायला लागतात, आधीपेक्षा जवळ, अगदी जवळ, आणि त्याला पहिल्यांदा कळतं की ती रस्त्यावर कधी नव्हतीच. ती त्याच्या छातीत चालत होती, आणि आता बाहेरचं काही ऐकू येत नसल्यामुळं फक्त तीच ऐकू येतात. ओळीच्या मध्यात अक्षरं विरघळली. तिनं उजवा डोळा मिटला. डाव्यानं वाचत राहिली, रेघेवरून रेघेवर, सावकाश, आणि शेवटच्या खिळ्यापाशी, जिथं एकच रेघ होती, तिथं तिनं नसलेली दुसरी रेघ मानली आणि श्वास सोडला. सगळा. कुठून कुठून साठलेला.

लाल दिवा अजून तसाच होता. त्या दिव्याकडे बघत ती म्हणाली, "माझ्या उजव्या डोळ्याला मधलं दिसत नाही. तीन आठवडे झाले." आणि मग, "नाही. पाच."

काचेपलीकडे कानसेननं कानावरचे हेडफोन काढले. दिवा लागलेला असताना त्यानं ते काढलेले तिनं एकोणीस वर्षांत कधी पाहिले नव्हते. तो दार उघडून आत आला आणि कुठं उभं राहावं ते न कळून टेबलाशी उभा राहिला.

"शेवटचं काढायचं ना, बाई?"

"काढा. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग झालं तर." तिनं खुंटीवरची पर्स काढली, आतल्या कप्प्यातून चौपदरी घडी काढली. घडीच्या कडा मळल्या होत्या. "हे जरा वाचून दाखवा मला."

"मी?" तो गोंधळला. "मला मोठ्यानं नाही हो वाचता येत. शाळेत मार खाल्लाय त्यापायी."

"वाचा."

त्यानं घसा खाकरला. चिठ्ठी दिव्याखाली धरली. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे घोट पकडणारा माणूस पहिल्याच शब्दाला अडखळला, डॉक्टरच्या नावाचे दोन तुकडे केले, एक ओळ दोनदा वाचली, आणि जिथं श्वास घ्यायचा तिथं न घेता शब्दाच्या मधोमध घेतला. इतकं वाईट वाचन तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती डोळे मिटून, मास्तरासारखी बसून, ऐकत होती.

"हं, पुढं," ती म्हणाली. "धाप लागते कशाला? स्वल्पविरामाला श्वास घ्यावा माणसानं."

"वेळ," त्यानं वाचलं, आणि या खेपेला श्वास नीट घेतला, "सकाळी नऊ ते दुपारी एक. रोज." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बाई, पावणेबारा झालेत. मी येऊ का बरोबर?"

"आधी ती दोन पानं काकांना पाठवा," ती म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावून उठली. "मी जिन्यात थांबते."